पहिला अंक भोंग्यात

दर रविवारी सकाळी सरकारी वाहिनीची येत्या आठवड्याची यादी माझ्या फोनवर यायची आणि मी ती आईला पाठवायचे. मी साताऱ्यात, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. आई सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी, शाळेमागच्या दोन खोल्यांच्या घरात एकटी. यादीत बुधवारी गायनाची सभा असायची, गुरुवारी माहितीपट, शुक्रवारी जुन्या नाटकाचं चित्रीकरण. आई फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायची, चष्मा लावायची आणि ती यादी वहीत उतरवून काढायची.

"अगं, फोनमध्ये आहेच की सगळं," मी एकदा म्हणाले.

"फोनमध्ये आहे. माझ्यात कुठं आहे?"

वही म्हणजे टाचणवही. उद्या वर्गात काय शिकवायचं ते शिक्षक आदल्या दिवशी जिच्यात लिहून ठेवतात ती. आई प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली तेव्हा तिच्याकडे अशा काही कोऱ्या वह्या उरल्या होत्या. वार, तास, विषय, घटक असे छापील रकाने आणि सगळ्यांत शेवटी शेरा. विषयाखाली ती 'गाणे', 'नाटक' किंवा 'माहितीपट' लिहायची. घटकाखाली कार्यक्रमाचं नाव. पाहून झालं की शेरा, आणि तोही शाळेतल्यासारखाच. 'आवाज गोड, घाई नको.' 'पेटीवाले दबून बसले आहेत.' 'दुसरा अंक रेंगाळला.' एका नावाजलेल्या नटाला तिनं 'सराव हवा' असा शेरा दिलेला मी वाचला आहे.

तिला ही वाहिनी का आवडायची, हे मी कधी विचारलं नाही. पण एकदा ती आपणहून म्हणाली होती, तिथं तंबोरे लावताना दाखवतात. बाकीचे लोक तंबोरे लागल्यावर पडदा उघडतात.

वहीतल्या पुष्कळ ओळींपुढे मात्र शेरा म्हणून एकच शब्द होता. 'भोंग्यात.'

आमच्या भागातल्या काही गावांनी गेल्या काही वर्षांत एक नियम करून घेतला आहे. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. तो वाजला की घराघरांतले टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, आणि पोरं अभ्यासाला. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो, मग सुटका. लॉकडाऊननंतर पोरं फोनमधून डोकं वर काढेनात, तेव्हा आमच्या ग्रामसभेतही हा ठराव झाला. मांडला होता आईनं. पहिले काही महिने ती सात वाजता हातात काठी घेऊन गल्लीतून चक्कर मारायची. काठी कुत्र्यांसाठी असायची, पण माणसंच जास्त बिचकायची. एकदा एका घरातून क्रिकेटचा आवाज आला म्हणून ही दारात जाऊन उभी राहिली.

"आवं बाई, शेवटची ओव्हर हाय, तेवढी सोडा की!" आतून घरमालक ओरडला.

"सोडते. पोराला पण शेवटची दोन गणितं सोडायला सांगू का?"

टीव्ही बंद झाला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस सामना कोणी जिंकला ते तिला सांगायला आला होता.

आमच्या घरात शिकणारं मूल नव्हतं. तरी आई सातला टीव्ही बंद करायचीच. मी म्हणायचे, तुला कोण विचारणार आहे? त्यावर ती म्हणायची, "मी लावला तर शेजारची लावेल. तिनं लावला की तिचा नातू पुस्तक मिटेल. मग गावभर फिरलेली चक्कर फुकट."

आणि वाहिनीवरचं जे काही चांगलं असे, ते नेमकं त्याच वेळात. साडेसातची सभा बहुतेक सगळी जायची. आठचं नाटक साडेआठनंतर हाती लागायचं. आईनं कितीतरी नाटकं मधूनच पाहिली. त्यातून आमच्या दोघींची एक पद्धत पडून गेली. पहिला अंक मी साताऱ्यात पाहायचा आणि भोंगा वाजून गेला की तिनं फोन करायचा.

"पटकन सांग. कोण कोणाचं?"

"निळ्या सदऱ्यातला तो थोरला. बाई आहे ती सावत्र आई."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"धाकट्याला नाही."

"बरं. ठेव."

फोन ठेवला की मी टीव्ही बंद करून पुस्तक उघडायचे. खरं सांगायचं तर मला बघण्यापेक्षा वाचण्याची ओढ जास्त. त्यामुळे शेवट काय झाला ते आई मला रविवारी सांगायची. अर्धं नाटक माझ्याकडे, अर्धं तिच्याकडे. तिनं माझ्या अर्ध्याबद्दल कधी शंका घेतली नाही. मी सांगितलं म्हणजे तसंच घडलं असणार, हे धरून ती पुढचं बघायला बसायची.

त्या रविवारच्या यादीत गुरुवारी साडेसातला एक माहितीपट होता. कोयनेचं धरण आणि ते बांधायला आलेल्या माणसांची वसाहत, असा विषय. एक तासाचा. म्हणजे सगळाच्या सगळा भोंग्यात. खाली बारीक अक्षरात पुन:प्रक्षेपणाची वेळ होती, दहा दिवसांनी, रविवारी सकाळी अकरा.

आईचं लहानपण कोयनानगरचं. आजोबा प्रकल्पावर वायरमन होते आणि सगळे पत्र्याच्या चाळीत राहायचे. मोठा भूकंप झाला तेव्हा आई आठ वर्षांची होती. त्यांची चाळ पडली नाही, पण आत पाऊल टाकायची कोणाची छाती होईना. मग कितीतरी दिवस ते चाळीसमोरच्या जांभळीखाली राहिले. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे मामा, तेव्हा काही महिन्यांचे. त्यांची झोळी जांभळीच्या फांदीला बांधली होती. जमीन पुन्हा हलली की झोळी आपोआप हलायची आणि रडणारं पोर गप्प व्हायचं, असं आई सांगायची. "सगळी माणसं देवाचं नाव घ्यायची, आणि हा झोपायचा."

पुढे आजोबांची बदली झाली. त्या चाळीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आई मोठेपणी एकदा घाट चढून तिथं जाऊन आली होती, पण तिला काही ओळखू आलं नाही. चाळी गेल्या होत्या आणि झाडं भलतीच होती. तेव्हापासून, मला वाटतं, तिला एक बारीकशी भीती बसली होती की आपण हे सगळं मनानंच रचलं असेल. आठ वर्षांच्या मुलीच्या आठवणीला दुसरा साक्षीदार नव्हता. आजी-आजोबा गेले होते आणि मामा झोळीत होते.

"त्यात जुनं चित्रण असणार," ती रविवारी मला फोनवर म्हणाली. "तू नीट बघ. चाळी दाखवतात का, आणि चाळीसमोर जांभळ आहे का. बाकी धरण बिरण राहू दे."

"बघते."

"पुस्तक घेऊन बसू नकोस."

मी पुस्तक घेऊनच बसले. शेवटची चाळीस पानं राहिली होती. साडेसातला उठू, असं ठरवून मी वाचायला लागले. फोन वाजला तेव्हा मला वाटलं साडेसात झाले असतील. साडेआठ वाजून गेले होते. टीव्ही लावलेलाच नव्हता.

"बघितलास?"

माझं बोट अजून पुस्तकात होतं. "बघितला," मी म्हणाले.

"चाळी?"

"दाखवल्या."

"आणि जांभळ?"

इथं मला थांबता आलं असतं. ती रागावली असती, एखादा शेरा मिळाला असता. पण एक खोटं सांगून झालं होतं, आणि दुसरं त्याच्यामागून आलं. "हो, दिसली की. चाळीसमोरच."

"दिसली ना? तरीच," आई म्हणाली. "बरं झालं गं. आता त्या पुढच्या रविवारी पुन्हा आहे, तेव्हा बघते मी."

'तरीच' कशाला, हे मी विचारलं नाही. मला फोन ठेवायची घाई झाली होती. येत्या रविवारी खरं सांगून टाकू, असं मनाशी ठरवलं. तो रविवार आला. मी नवी यादी पाठवली. ती तिच्या गुडघ्याबद्दल बोलली, मी ग्रंथालयात निघालेल्या वाळवीबद्दल बोलले, आणि ते राहून गेलं.

मंगळवारी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. आई पाणी भरताना खाली बसली ती उठली नाही. कराडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मामा मलकापूरहून आले आणि राहिले. ते फौजेतून निवृत्त झालेले, आडदांड, कमी बोलणारे. आल्या दिवशी त्यांनी अंगणातली आईची तुळस सावलीत सरकवली, मग पुन्हा उन्हात आणली. आमच्याकडे सुतकात टीव्ही लावत नाहीत. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याच्यावर एक धुतलेला टॉवेल टाकून ठेवला होता. जेवण त्यांच्याच घरून यायचं.

सहाव्या दिवशी रविवार होता. सकाळपासून माझं लक्ष घड्याळाकडे होतं, आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. साडेदहाच्या सुमारास मामा म्हणाले, "आज ती कोयनेची फिल्म हाय न्हवं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"ताईचा फोन आला हुता की, शुक्रवारी. तासभर बोलत हुती. म्हनली, पोरीनं बघितली, चाळी दावल्यात, जांभळ बी दावलीया. तुजी झोळी टांगल्याली जांभळ, म्हनली. आता रविवारी तू बी बघ." ते टॉवेल टाकलेल्या टीव्हीकडे बघत होते. "मला त्यातलं काईच आठवत न्हाई. मी आपला झोळीत."

माझं खोटं मलकापूरपर्यंत जाऊन आलं होतं. मी म्हणाले, "पण सुतकात टीव्ही कसा लावायचा मामा?" आणि असं म्हणताना मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथं लिहायलाच हवं.

काकू भाकरीचं टोपलं ठेवायला आत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं ताई, आवाज बंद ठिवा. गानं न्हाई, बजावनं न्हाई, नुसतं बघायला काय हुतंय? बाईंनी बी तसंच बघितलं हुतं की."

"कोणी?"

"बाईंनीच. ह्योच पिच्चर, त्या गुरुवारी. मी आट वाजून धा मिंटांनी इरजन मागाय आले, तर दाराला आतनं कडी. म्हनलं बाईंस्नी बरं न्हाई का काय. दार उघडलं, तर मागं टीव्हीचा उजेड! मी म्हनलं, बाई, भोंगा! तर माझ्याकडं बघतच ऱ्हायल्या. मग म्हनल्या, 'आवाज बंद आहे.'" काकूंनी तोंडाला पदर लावला. "मी म्हनलं, आवाज तुमी बंद केलाय, भोंग्यानं केला न्हाई! लय हसलो ताई आमी. मग दारातच मला शपथ घातली, गावात सांगू नको म्हनून. बोलन्यात पाच-सात मिंटं गेली असतील. आता सांगितलं तर चालतंय न्हवं?"

तेव्हा मला ते 'तरीच' कळलं.

मी कपाटातून टाचणवही काढली. आई गेल्यापासून ती उघडली नव्हती. गुरुवारच्या ओळीपुढचा शेरा रकान्यात मावला नव्हता, तो खालच्या ओळीत उतरला होता. 'भोंग्यात पाहिला. आवाज बंद. चूक माझी. चाळी व जांभळ दिसली नाही असे वाटले. परंतु दाराशी गेले तेवढ्यात दाखवली असावी. पुन्हा पाहणे.'

मी ते उभ्यानंच दोनदा वाचलं. तिनं स्वत:चा नियम मोडून, कडी लावून, तो माहितीपट डोळ्यांनी पाहिला होता. त्यात जांभळ नव्हती. आणि मी आहे म्हणाले तेव्हा तिनं डोळ्यांवर विश्वास न ठेवता माझ्यावर ठेवला. माझं खोटं तिनं आपल्या चुकीत बसवून घेतलं होतं.

अकराला मामांनी टॉवेल काढला. आवाज बंद केला. आम्ही तिघं जमिनीवर बसलो.

पडद्यावर शिरस्त्राणं घातलेली माणसं बोगद्यात शिरत होती, बाहेर येत होती. केबलची प्रचंड रिळं गडगडत जात होती. मधून मधून आजचे कोणी वृद्ध खुर्चीत बसून बोलायचे. त्यांचे ओठ हलायचे आणि आम्हाला काही कळायचं नाही. जुन्या चित्रणात आजोबांच्या तेव्हाच्या वयाचे, त्यांच्यासारखेच बारीक, असे कितीतरी लोक येऊन गेले. पावणेबारा व्हायच्या जरा आधी डोंगरावरून काढलेलं एक चित्र आलं. खाली पत्र्यांच्या ओळीच ओळी, उन्हात चमकणाऱ्या. पापणी लवायच्या आत ते गेलंही. त्या गुरुवारी बरोबर याच सुमाराला आई दाराशी काकूंबरोबर हसत उभी असणार. मग एक रस्ता आला, रस्त्याकडेला एक मोठं झाड, आणि डोक्यावर घागर घेतलेली एक बाई त्याच्या सावलीतून गेली.

"ही!" मामा गुडघ्यावर उठले. "हीच का गं जांभळ?"

"पान आंब्याचं वाटतंय बगा," काकू म्हणाल्या.

"काळ्या-पांढऱ्यात पान कुटलं वळखतीस? गप." ते माझ्याकडे वळले. "तू बघितलं हुतंस न्हवं? तू सांग की."

हो म्हणणं फार सोपं होतं. काकूही गप्प झाल्या असत्या. मामा ते झाड घेऊन मलकापूरला गेले असते आणि तिथल्या नातवंडांना सांगत बसले असते. कोणाचं काही बिघडलं नसतं. पण माझ्या मांडीवर ती वही होती, आणि तिच्यात 'चूक माझी' असं लिहिलेलं होतं.

"मी त्या दिवशी बघितलाच नव्हता, मामा," मी म्हणाले. "पुस्तक वाचत बसले. आईला खोटं सांगितलं. चाळी पण आणि झाड पण."

मामा म्हणाले, "आन ती मला तासभर सांगत हुती." मग ते उठून बाहेर गेले आणि पायरीवर पाठ करून बसले. पडद्यावर धरणाचे दरवाजे उघडले आणि पाणी खाली पडायला लागलं. काकूंनी टोपलं उचललं नाही. त्या माझ्याजवळ जरा सरकल्या, एवढंच.

शेवटची नावं सरकून गेली. मी टॉवेल होता तसा घातला. बऱ्याच वेळानं मामा आत आले. "तिला कळलं असतं तर काय म्हनली असती?"

"शेरा दिला असता."

"मग आता तू लिव. तिचं ते 'पुन्हा पाहणे' ऱ्हायलंय न्हवं?"

मी वही उघडली. तिच्या अक्षराखाली जागा थोडीच होती. मी लिहिलं, 'पुन्हा पाहिला. चाळी दिसल्या, वरून, क्षणभर. आधी सांगितले ते खोटे होते. जांभळ...' आणि थांबले. मामांनी चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाचलं.

"नव्हती म्हनून लिवू नगं," ते म्हणाले. "वरनं घेतलंय ते. पत्र्याच्या पल्याड काय हाय कुनाला दिसतंय? वळखू आली न्हाई, असं लिव. तेवढंच खरं हाय."

मी तसं लिहिलं.

तेरावा झाला, मामा मलकापूरला गेले. मी रजा वाढवून घेतली आणि आईच्या घरात राहिले. रविवारी सकाळी नेहमीसारखी यादी फोनवर आली. पाठवायला कोणी नव्हतं. दुपारी मी फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि वहीत उतरवून काढायला घेतली. माझं अक्षर त्या रकान्यांत नीट बसत नव्हतं. सोमवार, काही नाही. बुधवार, साडेसात, गाणे. शुक्रवार, आठ, नाटक. रात्री मामांचा ख्यालीखुशालीचा फोन आला तेव्हा, आणखी काही बोलायला नव्हतं म्हणून, मी त्यांना यादी वाचून दाखवली.

बुधवारची सभा गेली. शुक्रवारी सातला भोंगा वाजला. मी टीव्ही लावला नाही. शेजारी काकूंचा नातू पाढे म्हणत होता, तेराच्या पाढ्यात एकाच ठिकाणी अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. आठ वाजले. म्हणजे कुठंतरी पडदा उघडला असणार. पुस्तक हाताशी होतं, पण ते मी उघडलं नाही. दुसऱ्या बाजूनं बघायला लागल्यावर तो अर्धा तास किती मोठा असतो ते मला पहिल्यांदा कळलं. ती रोज हे करायची.

साडेआठला भोंगा पुन्हा वाजला. मी रिमोट हातात घेतला तोच फोन आला. मामा होते. मलकापुरात भोंगा नाही.

"ऐक पटकन. एक म्हातारा हाय. त्येला दोन लेकी. धाकटी घरात ऱ्हाती, थोरली आज बऱ्याच वर्सांनी आलीया. दोगी एकमेकींशी बोलत न्हाईत, आन म्हातारा मधी बसून दोगींस्नी चा मागतोय."

"का बोलत नाहीत?"

"ते कळलं न्हाई."

"मामा, खरंच बघितलंत ना?"

"अगं पयल्यापासनं! जेवलो बी न्हाई." मग ते जरा घुटमळले. "मधी दारात कोनतर आलं हुतं, चार-पाच मिंटं. तेवढ्यात काय झालं ते मला ठावं न्हाई. ते सोडून सांगतोय."

"सांगा," मी म्हणाले, आणि टीव्ही लावला.